शाप नव्हता, मग 2004 ला रेड सॉक्स जिंकले कसे?

प्रश्न थोडक्यात असा: "सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून नोकरीसाठी बोस्टनला आलो. क्रिकेट हाडीमांसी मुरलेलं, बेसबॉलचा गंध नाही. ऑफिसात चाळिशीपुढचा कुणीही 2004 चं नाव निघालं की हळवा होतो. 86 वर्षं विजेतेपद न मिळालेला रेड सॉक्स संघ एकाएकी जिंकला कसा? शापबिप मी मानत नाही. मग पैसा, आकडेवारी, कोच की निव्वळ नशीब?"

मी खेळाडू नाही, पत्रकारही नाही. सांगलीत क्लब क्रिकेटच्या स्कोअरबुकात मान घालून तारुण्य काढलं, आणि इकडे मॅसॅच्युसेट्समध्ये आमच्या गावच्या मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये वीस-बावीस वर्षं तेच काम करतोय. माणूस कमी पडला तर अंपायर म्हणूनही उभा राहतो. तेव्हा हे उत्तर कागदवाल्याचं आहे. स्कोअररला एक खोड लागते: सगळं गाव ज्या चेंडूबद्दल बोलत असतं, त्याच्या आधीच्या चार चौकोनांत काय लिहिलंय ते तो बघतो.

तुमच्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. 2004 ला काय जमलं हे कळायला आधी 1918 नंतर काय काय चुकलं ते बघावं लागतं. आणि तिथे पहिलीच गोष्ट अशी दिसते की 86 वर्षांचा एक सलग दुष्काळ नव्हताच. वेगवेगळ्या कारणांचे तीन दुष्काळ एकाला एक लागून आले आणि लोकांनी सगळ्यांना मिळून एकच नाव ठेवलं.

नशिबाचा हिशेब आधी उरकू. 1960 पर्यंत दोन मोठ्या लीग मिळून 16 संघ होते. सगळे सारख्या ताकदीचे धरले तर दर वर्षी प्रत्येकाला सोळात एक संधी. पुढे संघ वाढत वाढत 30 झाले; 1994 ला खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीज (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम लढत) झालीच नाही. हे सगळं गुणत गेलं तर एखादा संघ 1919 ते 2003 एकदाही न जिंकण्याची शक्यता शंभरात एक-सव्वा एवढीच येते. सोळाही जुने संघ धरले तरी त्यांत असा एखादा सापडण्याची शक्यता पाचात एकही भरत नाही. प्रत्यक्षात सापडले तीन: बोस्टनचे रेड सॉक्स, शिकागोचे व्हाइट सॉक्स (1917 नंतर थेट 2005) आणि शिकागोचेच कब्स (1908 नंतर 2016). तेव्हा "निव्वळ नशीब" हे उत्तर निदान माझ्या कागदावर टिकत नाही. कुठेतरी माणसांनी हाताने माती केलेली असणार.

पहिला दुष्काळ मालकाने आणला. 1903 ची पहिलीवहिली वर्ल्ड सिरीज या संघाने जिंकली होती आणि 1918 पर्यंत पाच विजेतेपदं खिशात होती. मालक हॅरी फ्रेझी नाटकधंद्यातला माणूस, हात सतत तंग. 1919 च्या डिसेंबरात त्याने संघाचा सगळ्यात मोठा खेळाडू बेब रूथ न्यूयॉर्कच्या यँकीजना विकला: 1 लाख डॉलर, शिवाय 3 लाखांचं कर्ज, आणि त्या कर्जापोटी गहाण काय ठेवलं तर आपलं फेनवे पार्क मैदान. शाप म्हणतात तो याच सौद्याचा, "बॅम्बिनोचा शाप" (बॅम्बिनो हे रूथचं टोपणनाव). पण एकटा रूथ गेला असता तर संघ चार-पाच वर्षांत सावरला असता. त्याच्यामागून वेट हॉइट, हर्ब पेनॉक, जो ड्यूगन अशी रांगच न्यूयॉर्कला गेली. 1918 चा मॅनेजर (म्हणजे आपला कोच) एड बॅरोसुद्धा तिकडचा कारभारी झाला. 1922 ते 1932 या 11 हंगामांत रेड सॉक्स 9 वेळा लीगमध्ये तळाला होते. घरातली भांडी एकेक करून शेजाऱ्याला विकायची आणि मग त्याच्या स्वयंपाकघरातून घमघमाट येतो म्हणून दैवाला बोल लावायचा, त्यातला हा प्रकार.

दुसऱ्या दुष्काळाबद्दल इथली जुनी मंडळी कमी बोलतात. 1933 ला टॉम यॉकी हा गडगंज मालक आला. पैसा आला, 1939 पासून टेड विल्यम्ससारखा बॅटर आला. तरी विल्यम्सच्या अख्ख्या कारकिर्दीत वर्ल्ड सिरीज एकदाच, 1946 ला. 16 एप्रिल 1945 ला फेनवे पार्कवर तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी झाली होती. त्यातला एक जॅकी रॉबिन्सन. चाचणी झाली, तिघे घरी गेले, पुन्हा कुणाला बोलावणं आलं नाही. तोवर मोठ्या लीगांत कृष्णवर्णीयांना घेतच नसत. दोन वर्षांनी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून खेळला आणि खेळाचं रूप पालटलं. बोस्टनच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, उतरला 21 जुलै 1959 ला. सोळा संघांत सगळ्यात शेवटी. बाकीचे ज्या पाणवठ्यावर घागरी भरत होते तिकडे हे बारा वर्षं स्वतःच्या सोवळ्यापायी फिरकले नाहीत. आपल्याकडच्या माणसाला हे आणखी फोड करून सांगायला नको. शापाची गोष्ट लोकांना गोड वाटते त्याचं एक कारण मला हेही वाटतं, की त्यात दोष एका मेलेल्या माणसावर जातो.

तिसरा दुष्काळ मात्र बऱ्याच अंशी नशिबाचा. 1946, 1967, 1975 आणि 1986, चारही वेळा वर्ल्ड सिरीज सातव्या, म्हणजे शेवटच्या सामन्यापर्यंत गेली आणि चारही वेळा सातवा सामना गेला. नाणं चार वेळा लागोपाठ उलटं पडायची शक्यता सोळात एक. शिवाय 1978 ला हंगाम यँकीजशी बरोबरीत संपला म्हणून एकच निर्णायक सामना झाला. त्यात बकी डेंट या यँकीजच्या शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), ज्याच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती, होमरन (आपला षटकार म्हणा) मारून तो नेला.

यातल्या 1986 वर थोडं थांबतो, कारण 2004 समजायला तो कागद लागतो.

बेसबॉलच्या स्कोअरशीटवर क्षेत्ररक्षकांना जागेप्रमाणे आकडे असतात. पाठीवरचा नंबर वेगळा, हा वेगळा. पिचर (चेंडू टाकणारा) 1, कॅचर (बॅटरमागचा, आपला यष्टिरक्षक म्हणा) 2, पहिल्या बेसवाला 3, शॉर्टस्टॉप 6. पिचरने चेंडू उचलून पहिल्या बेसला दिला आणि बॅटर बाद झाला की चौकोनात लिहायचं 1-3. पहिल्या बेसवाल्याच्या हातून चूक झाली तर ई-3. बोस्टनच्या एका पिढीच्या डोक्यात हे ई-3 कोरलेलं आहे. सहावा सामना, न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध, दहावी इनिंग (सामना नऊ इनिंगांचा, बरोबरी राहिली तर पुढे चालतो). बोस्टन 5-3 ने पुढे, दोघे बाद, बेस रिकामे. एक बाद केला की 68 वर्षांचा दुष्काळ तिथेच संपला असता. नंतर मूकी विल्सनचा सरपटता चेंडू पहिल्या बेसवरच्या बिल बकनरच्या पायांमधून गेला आणि सामना हातचा गेला. सगळ्यांना एवढंच आठवतं.

आता आधीचे चौकोन बघा. दोन बाद असताना लागोपाठ तीन एकेरी फटके: 5-4. पिचर बदलला. नव्या पिचरचा चेंडू भरकटला, कॅचरला सापडला नाही, तिसऱ्या बेसवरचा धावत आला: 5-5. बकनरपर्यंत चेंडू गेला तेव्हा आघाडी संपलेली होती. त्याने तो अडवला असता तर बोस्टन जिंकलं नसतं, अकरावी इनिंग सुरू झाली असती, बस. शिवाय सातवा सामना शिल्लक होताच. त्यात बोस्टन 3-0 ने पुढे होतं आणि 8-5 ने हरलं.

पण माझ्या मते त्या कागदावरचा सगळ्यात बोलका भाग म्हणजे न लिहिलेलं एक नाव. बकनरचे घोटे कामातून गेलेले होते. त्याच सिरीजमध्ये, आघाडी असली की शेवटच्या इनिंगांत त्याला बाहेर काढून डेव्ह स्टेपलटनला पहिल्या बेसवर उभं करायचं, असं मॅनेजरने केलेलंही होतं. त्या रात्री केलं नाही. बदली माणूस बाकावर बसून राहिला. हे लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

आमच्या लीगमध्ये एकदा दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाच्या पायांतून चेंडू गेला आणि बाकांवरून कुणाच्या तरी बापाने हाक मारली, "बकनर!" पोरगा आपल्याकडचाच. सामना संपल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, ते खोडता येतं का?" खोडता येत नाही. मी त्याला कागदावर दाखवलं की त्याच्या आधी आमच्या पिचरने दोघांना फुकट पहिल्या बेसवर पाठवलं होतं, म्हणून तो चेंडू महत्त्वाचा ठरला. त्याचं समाधान झालं असं म्हणणार नाही. पण तो पुढच्या शनिवारी आला.

तर मग 2004 ला काय बदललं? सुरुवात 2002 ला. जॉन हेन्री, टॉम वर्नर आणि लॅरी लुकिनो यांच्या गटाने संघ विकत घेतला. हेन्रीने पैसा वायदेबाजारात आकड्यांच्या जोरावर कमावलेला, त्यामुळे "आमच्या डोळ्यांना कळतं" हे वाक्य त्याच्यापुढे चालण्यासारखं नव्हतं. त्याच वर्षाअखेर थिओ एपस्टाइन या 28 वर्षांच्या पोराला जनरल मॅनेजर (खेळाडू घेण्या-सोडण्याचं बघणारा) केलं आणि बेसबॉलच्या आकडेशास्त्राचा पितामह बिल जेम्स याला सल्लागार घेतलं. यांच्या विचारातली मूळ गोष्ट क्रिकेटवाल्याला पटकन कळेल: बॅटरचं पहिलं काम फटका मारणं नाही, बाद न होणं आहे. पिचरचे चार चेंडू खराब पडले तर बॅटर फुकट पहिल्या बेसवर जातो, त्याला वॉक म्हणतात. बॅटिंग अ‍ॅव्हरेजमध्ये वॉक धरत नाहीत, म्हणून चेंडू सोडण्याचं कसब बाजारात स्वस्त होतं. यांनी तेच भरलं. बिल म्युलर, केव्हिन मिलार, मार्क बेलहॉर्न ही नावं तेव्हा कुणाच्या भिंतीवर नव्हती. डेव्हिड ऑर्टिझला तर मिनेसोटाच्या संघाने सोडूनच दिलं होतं. बोस्टनने साडेबारा लाख डॉलरांत घेतला. 2003 आणि 2004, दोन्ही हंगामांत सगळ्या संघांत जास्त धावा रेड सॉक्सच्या.

म्हणून आकडेवारीने जिंकलं असं कुणी सांगितलं तर अर्धंच धरा. 2004 ला पगारावर रेड सॉक्सपेक्षा जास्त खर्च करणारा संघ एकच होता, यँकीज. गरीब बिचारा संघ वगैरे काही नव्हतं. आकड्यांनी त्यांना स्वस्तातली माणसं दिली, पैशाने पेड्रो मार्टिनेझ, मॅनी रामिरेझ आणि कर्ट शिलिंग दिले. दोन्ही एकदम हाताशी असणं, हे आधी कधी झालं नव्हतं.

2003 लाच जवळजवळ जमलं होतं. लीगच्या अंतिम फेरीचा सातवा सामना, यँकीजच्या घरी, आठव्या इनिंगला 5-2 आघाडी. मॅनेजर ग्रेडी लिटल यांनी थकलेल्या पेड्रोला काढलं नाही. त्याने 123 चेंडू टाकले, आघाडी गेली आणि अकराव्या इनिंगला एरन बून याच्या होमरनने सगळं संपलं. लिटल गेले, टेरी फ्रँकोना आले. त्या हिवाळ्यात शिलिंग आला आणि शेवटची इनिंग टाकायला कीथ फोक आला.

आता माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा दिवस: 31 जुलै 2004. त्या दिवशी चार संघांच्या एका गुंतागुंतीच्या अदलाबदलीत बोस्टनने आपला लाडका शॉर्टस्टॉप नोमार गार्सियापारा देऊन टाकला. आमच्या गल्लीत सुतक होतं. बदल्यात आले ऑर्लंडो काब्रेरा आणि डग मिंटकेविच, दोघांचीही ओळख क्षेत्ररक्षण. त्याच दिवशी वेगळ्या सौद्यात लॉस एंजेलिसहून डेव्ह रॉबर्ट्स आला. हा बाकावरचाच माणूस, पण पळण्यात तरबेज. म्हणजे एक राजबिंडा नायक देऊन तीन कामाची माणसं. तेव्हा मीही शिव्या घातल्या होत्या, कबूल करतो.

ऑक्टोबरात पुन्हा यँकीज, पुन्हा लीगची अंतिम फेरी. पहिले तीन सामने गेले: 10-7, 3-1 आणि तिसरा घरच्या मैदानावर 19-8. सातच्या सिरीजमध्ये 0-3 वरून परत येऊन जिंकणं या दोन मोठ्या लीगांत तोवर कुणालाच जमलं नव्हतं. त्या 19-8 च्या कागदावर माझ्या अक्षरात टिम वेकफिल्ड हे नाव आहे, पुढचा रकाना रिकामा, कारण मी मध्येच पेन्सिल खाली ठेवली. खरं तर तो रकाना भरायला हवा होता. वेकफिल्ड दुसऱ्या दिवशी सुरुवातीचा पिचर म्हणून टाकणार होता. सामना हाताबाहेर जातोय हे बघून त्याने स्वतःहून ती संधी सोडली आणि त्या धुलाईत उभं राहून सव्वातीन-साडेतीन इनिंग खाल्ल्या, का तर राखीव पिचरांचे खांदे दुसऱ्या दिवसासाठी शिल्लक राहावेत. पुढचे दोन सामने 12 आणि 14 इनिंग चालले. ते खांदे नसते तर टाकलं असतं कुणी? 19-8 मध्ये लोकांना अपमान दिसला. पुढच्या दोन रात्रींची रसद त्याच सामन्यात वाचवली गेली होती.

चौथा सामना, रविवार, 17 ऑक्टोबर. माझी आई तेव्हा सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेली. झोप लागत नाही म्हणून माझ्याशेजारी सोफ्यावर शाल गुंडाळून बसली होती. नववी इनिंग, यँकीज 4-3 ने पुढे, टाकायला मारियानो रिव्हेरा, ज्याच्याइतका शेवट बंद करणारा पिचर या खेळाने बघितलेला नाही. मिलारने खराब चेंडू सोडले आणि वॉक मिळवला. बघा, स्वस्तात घेतलेलं कसब. त्याच्या जागी पळायला फ्रँकोनांनी रॉबर्ट्सला पाठवलं. आता मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक की हा दुसरा बेस चोरणार.

बेस चोरणं म्हणजे पिचर चेंडू टाकायला लागला की पळत सुटायचं आणि कॅचरचा थ्रो पोहोचायच्या आत दुसरा बेस गाठायचा. बेसमधलं अंतर 90 फूट. पिचरच्या हालचालीपासून चेंडू कॅचरच्या हातात जायला साधारण 1.3 सेकंद, कॅचरकडून दुसऱ्या बेसला दोनेक सेकंद. पळणाऱ्याला काही पावलं पुढे उभं राहून तेवढ्यातच पोहोचायचं असतं. आमच्या लीगमधल्या मुलांना मी स्टॉपवॉच लावून हे दाखवतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही.

रिव्हेराने चेंडू बॅटरकडे न टाकता पहिल्या बेसकडे फेकला. रॉबर्ट्स परत. पुन्हा फेकला. परत. तिसऱ्यांदा. आई म्हणाली, "अरे, तो पळणार हे त्याला कळलंय ना? मग टाकेल कशाला त्या दांडूवाल्याकडे?" म्हटलं, टाकावाच लागतो गं, किती वेळ हेच करेल? "मग ही आट्यापाट्याच की रे," ती म्हणाली. शाळेत असताना तिने आट्यापाट्या खेळलेल्या. पाटी धरणारा समोर, दोघांनाही सगळं माहीत, तरी पहिली हालचाल कोण करतो आणि कोण हुलकावणीला फसतो यावर सगळं. मला वीस वाक्यांत सांगता आलं नसतं ते तिने एका शब्दात सांगितलं.

चौथ्यांदा चेंडू बॅटरकडे गेला आणि रॉबर्ट्स सुटला. चेंडू उंच आणि बाहेर, कॅचरला फेकायला सोयीचा. होर्हे पोसादाचा थ्रो चांगला होता. रॉबर्ट्स पोटावर झेपावला, डेरेक जीटरने चेंडू घेऊन त्याला टॅग केला, म्हणजे चेंडू अंगाला टेकवला, आणि हात वीतभर आधी बेसवर. नाबाद. पुढे म्युलरचा फटका रिव्हेराच्या जवळून मधोमध निघाला, रॉबर्ट्स घरी, 4-4. रिव्हेराला याच म्युलरने जुलैमध्ये होमरन मारून हरवलं होतं, हेही आठवत असू द्या. बाराव्या इनिंगला ऑर्टिझच्या होमरनने 6-4. तेव्हा रात्रीचे 1 वाजून 22 मिनिटं झाली होती.

लोक याला धाडस म्हणतात. मी त्या वर्षीचे आकडे बघतो: रॉबर्ट्सने 2004 च्या हंगामात 41 वेळा चोरीचा प्रयत्न केला आणि 38 वेळा साधली. चारात तीन वेळा साधत असेल तरच चोरी परवडते असा या धंद्यातला ढोबळ नियम आहे. तेव्हा पाठवणाऱ्याने जुगार खेळला नव्हता. जुलैत घेतलेलं हत्यार ऑक्टोबरात काढलं होतं. अर्थात तो बाद झाला असता तर? साधारण चौदात एकदा होतोच. मग मी आज तुम्हाला शापाबद्दल उत्तर लिहीत असतो, आणि एपस्टाइनने नोमार घालवला म्हणून लोक अजून बोटं मोडत असते. निर्णय तोच, तितकाच बरोबर. एवढं मात्र नशीब, आणि ते मी नाकारत नाही.

पुढचं भराभर सांगतो. पाचवा सामना 14 इनिंग, 5-4. माझे रकाने संपले, दुसरा कागद सेलोटेपने जोडावा लागला. आठव्या इनिंगला बरोबरीची धाव पुन्हा रॉबर्ट्सचीच, पुन्हा मिलारच्या वॉकनंतर. विजयी फटका पुन्हा ऑर्टिझचा. सहाव्याला शिलिंगच्या घोट्याचा स्नायूबंध जागेवर राहावा म्हणून डॉक्टरांनी टाके घातले होते. मोज्यावर रक्त, तरी सात इनिंगांत एकच धाव दिली, 4-2. सातवा 10-3, एकतर्फी. 0-3 वरून 4-3. मग वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुइस, ज्यांनी हंगामात 105 सामने जिंकले होते, सरळ 4-0.

तुम्ही विचाराल, हेच सूत्र सगळीकडे लागू पडतं का? नाही. परिस्थितीवर अवलंबून आहे. एपस्टाइन पुढे कब्सकडे गेला तेव्हा त्याने उलटा रस्ता धरला. 2012 ला तो संघ 101 सामने हरला, दरम्यान तरुण पोरं जमवली आणि 2016 ला 108 वर्षांचा दुष्काळ संपला, तोही सातव्या सामन्यात, दहाव्या इनिंगला, मध्ये पाऊस येऊन. व्हाइट सॉक्स 2005 ला 88 वर्षांनी जिंकले, प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) फक्त एक सामना हरून, आणि त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, कारण त्यांच्याकडे शापाची चांगली गोष्ट नव्हती. आणि घरचंच बघायचं तर, महाराष्ट्राच्या संघाने रणजी करंडक शेवटचा जिंकला 1940-41 ला, देवधरांच्या काळात. नंतर 1970-71, 1992-93 आणि 2013-14 ला अंतिम फेरी गाठून हरलो. कुणी देवधरांचा शाप म्हणतं का? आपण निवड समितीला शिव्या देतो आणि चहा पितो. मला ती पद्धत जास्त निरोगी वाटते.

27 ऑक्टोबरचा शेवटचा चेंडू सांगायचा राहिला. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, त्यामुळे शापवाल्यांची चंगळ. सेंट लुइसचा शेवटचा बॅटर एडगर रेंटेरिया, पाठीवर नंबर 3, रूथचाच. त्याने मारलेला चेंडू टप्पा खात सरळ पिचर फोककडे आला. फोकने तो अलगद पहिल्या बेसला दिला. तिथे सुरुवातीला उभा असलेला ऑर्टिझ नव्हता. आघाडी होती म्हणून फ्रँकोनांनी त्याला बसवून 31 जुलैला आणलेल्या मिंटकेविचला उभं केलं होतं. 1986 ला बाकावर राहिलेला बदली माणूस 2004 ला जागेवर होता. चेंडू सोपा होता, ऑर्टिझनेही घेतला असता. पण मी तो चौकोन बघतो तेव्हा मला स्टेपलटन आठवतो. कागदावर लिहिलं: 1-3. आईने विचारलं, "झालं?"

बकनर 2008 च्या एप्रिलमध्ये फेनवेवर पहिला चेंडू टाकायला आले तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं.

आणि ऑफिसातल्या त्या हळव्या मंडळींना "कसे जिंकलात" विचारू नका, त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. विचारा, चौथा सामना 1:22 पर्यंत जागून बघितलात का? सोमवारी कामावर जायचं होतं, संघ 0-3 ने मागे. माझ्या ओळखीतले बरेचसे नवव्या इनिंगच्या आधीच झोपले होते. थोडा आग्रह केलात तर कबूल करतील.